शिरवाळे, पोटॅशियम आणि माझे पाय

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत पितळी नळांना आणि सायकलच्या सुट्या भागांना निकेलचा मुलामा देणारा एक कारखाना आहे. तिथे मी केमिस्ट आहे. लेखनाशी माझा संबंध टाकीतल्या द्रावणाचा रोजचा अहवाल लिहिण्यापुरताच. पण माझ्यावर उपचार करणाऱ्या डॉ. रेगे मॅडम मागच्या तपासणीला म्हणाल्या, "तुमच्यासारखी माणसं सकाळी लुळी पडतात, दुपारी उठून चालायला लागतात आणि नजर लागली होती म्हणून विसरून जातात. पुढच्या वेळी मात्र ती वाचतीलच असं नाही. तुम्ही शिकलेले आहात, झालं ते लिहून काढा ना."

त्यांचा शब्द मला मोडवत नाही. आज मी स्वतःच्या पायांनी चाळीचा जिना चढतो, त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. म्हणून जसे आठवते तसे लिहीत आहे.

पहिली सकाळ

आमच्या मरोळच्या चाळीत सत्यनारायणाची पूजा होती. दिवसभर मी आणि शेजारचा विलास बाकडी, सतरंज्या आणि पाण्याचे पिंप वरखाली नेत होतो. विलास गोरेगावच्या एका स्टुडिओत लाइटमन आहे, त्यामुळे ओझे उचलणे हा त्याच्या हातचा मळ. मीही इरेला पेटलो. संध्याकाळी पुरीभाजीवर ताव मारला, प्रसादाचा शिरा दोनदा मागून घेतला आणि गाढ झोपलो.

सकाळी जाग आली तेव्हा पाय हलेनात. मुंग्या नव्हत्या, वेदना नव्हती. डाव्या पोटरीवर डास बसला होता, तो चावलेला मला नीट कळला. पण पाय झटकावा म्हटले तर पाय ऐकेना. माझी पत्नी सुनंदा चहा घेऊन आली.

"अहो, उठा. पाणी जाईल."

"सुनंदा, मला उठता येत नाहीये."

"काल उड्या मारत होता ना विलासभावोजींबरोबर? आता भोगा."

मी पुन्हा तेच म्हणालो तेव्हा तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले आणि कपबशी जमिनीवर ठेवली.

आमच्या गावी, शेजारच्या घरात, एक गृहस्थ लकवा होऊन पडवीत पडून असत. शाळेत जाताना मी त्यांना रोज पाहत असे. त्यांच्या बायकोने त्यांना कूस बदलून दिलेली पाहत असे. मरेपर्यंत ते तसेच होते. त्या सकाळी छताकडे बघत मला फक्त ती पडवी दिसत होती. आमच्याकडे तर पडवीही नव्हती. एकच खोली, आणि तिच्यात सुनंदा, मी आणि गावाहून आलेली माझी आई.

आईने देवाला गाऱ्हाणे घातले, माझ्यावरून नारळ उतरवला. दुपारपर्यंत पाय हळूहळू परत आले. आधी बोटे, मग घोटे, मग गुडघे. संध्याकाळी मी नळावर जाऊन आलो. श्रेय नारळाला मिळाले. त्यात आईचे काही चुकले असे मला वाटत नाही, कारण मीही दुसरे कारण शोधले नाही. विज्ञानाचा पदवीधर असूनही पाय परत आले एवढ्यावर मी खूश होतो.

आईचे औषध

खरे तर शरीर आधीपासूनच इशारे देत होते. दुप्पट जेवूनही मी वाळत चाललो होतो. छातीत धडधड होई, घाम फुटे. कारखान्यात द्रावण मोजताना हाताला कंप सुटे, तो आम्लाच्या वाफांमुळे असेल अशी मी समजूत करून घेतली होती.

आईची समजूत निराळी होती. वडील मुंबईत गिरणीत होते, संपानंतर ते गावी गेले ते गेलेच. त्यांना बाग बघायला ठेवून ती खास माझ्यासाठी आली होती. तिच्या मते मुलगा लग्नानंतर वाळला, म्हणजे सून पोटभर वाढत नाही.

"ह्येका भूक लागता, आणि तू मोजून वाढतस," ती सुनंदाला म्हणायची.

"आई, सहा पोळ्या खाल्ल्या आत्ता त्यांनी."

"पोळयेन काय होता? भाताचा बळ वेगळा."

मग आईने स्वतः सूत्रे हातात घेतली. गावाहून येताना तिने शिरवाळ्यांचा लाकडी साचा आणला होता. तांदळाच्या उकडीच्या शेवया, आणि वर गूळ, वेलची घातलेला नारळाचा रस. लहानपणी शाळेत पहिला नंबर आला की हे जेवण मिळायचे. पूजेनंतरच्या एका रविवारी कारखान्यात टाक्यांची सफाई होती. जड पिंपे ढकलून मी दमून घरी आलो आणि आईने माझ्यासमोर शिरवाळ्यांचे ताट ठेवले. मी खात राहिलो, ती वाढत राहिली. तिचा तो आनंद मला आजही आठवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाय गेलेले होते, आणि या वेळी कंबरही.

बाटली

विलास आणि चाळीतल्या इतरांनी मला लोखंडी खुर्चीत बसवून पहिल्या मजल्यावरून खाली उतरवले. घाबरलेल्या माणसाला हसवायचे हे विलासचे काम, आणि ते त्याने त्याही वेळी केले.

"काय यार मोहन, सकाळी सकाळी वरात काढलीस. घोडा तरी मागवायचास."

"तूच घोडा," मी म्हणालो.

"हां, बोलतोस ना? मग झकास आहेस तू."

जवळच्या लहान नर्सिंग होममधल्या डॉक्टरांनी मला तपासले. ते भले गृहस्थ. अशक्तपणा फार आहे, म्हणाले, आणि ग्लुकोजची बाटली लावली. तिथे येईपर्यंत चाळीतल्या एका काकींनीही मला ग्लुकोज पावडरचे पाणी पाजले होते. आपल्याकडे माणूस गळून गेला की साखर द्यायची हे कुणी कुणाला शिकवावे लागत नाही. जो तो आपल्या परीने मला ताकद देत होता.

बाटली अर्धी झाली आणि माझे हात गेले. मग मान उचलेना. हाक मारली तर आवाज कुजबुजल्यासारखा निघाला. डॉक्टर हे पाहून गडबडले, पण त्यांनी ते लपवले नाही. "मला हे कळत नाहीये," ते सरळ म्हणाले, "मोठ्या रुग्णालयात चला," आणि दवाखाना सोडून स्वतः टॅक्सीत आमच्याबरोबर बसले. मला काय झाले ते त्यांना ओळखता आले नाही, पण 'कळत नाही' हे त्यांनी वेळेवर म्हटले. त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

टॅक्सीत विलासने बाटली हातात उंच धरली होती. खड्डा आला की तो ड्रायव्हरवर ओरडे, "आरामसे भाई, बाटली आहे!" एक थेंबही चुकू नये म्हणून तो जिवाचा आटापिटा करत होता. माझे डोके आईच्या मांडीवर होते. सुनंदा पुढच्या सीटवरून वळून सारखी माझी छाती हलते आहे ना ते बघत होती.

"काल काय खाल्लं?"

महापालिकेच्या रुग्णालयात डॉ. रेगे मॅडम भेटल्या. बारीक अंगाच्या, आवाज खणखणीत. त्यांनी मला एका श्वासात आकडे म्हणायला सांगितले. वीस येण्याआधीच माझा श्वास संपला. त्यांनी सुनंदाला बाजूला घेतले. श्वासाचे स्नायू थकले तर मशीन लागेल, असे त्या म्हणाल्याचे सुनंदाने मला फार नंतर सांगितले. त्या वेळी ती परत आली ती केस बांधत, जणू काही झालेच नाही.

मॅडमनी नाडी पाहिली, गळ्यावर बोटे ठेवून मला गिळायला सांगितले. मग विचारले, "असं आधी झालं होतं?"

सुनंदाने सत्यनारायणाची सकाळ सांगितली.

"आणि काल काय खाल्लं ह्यांनी?"

उत्तर आईने दिले. तिला वाटले, मुलाच्या खाण्याची आबाळ होते का, असे डॉक्टरीण विचारते आहे. ती ताठ उभी राहिली.

"शिरवाळे केल्लंय मी. गुळाच्या रसातले. तेका आवडतत. पोटभर खाल्ल्यान, परत परत वाढून घेतल्यान. माझ्या झिलाक काय कमी नाय, बाई."

मॅडमनी लगेच पुढचे विचारले.

"आणि पूजेच्या दिवशी?"

"शिरो खाल्ल्यान. दोनदा."

"सिस्टर," मॅडम म्हणाल्या, "ही बाटली आधी बंद करा. ईसीजी काढा. रक्त पोटॅशियमसाठी पाठवा, लगेच."

विलास अजून बाटली धरूनच उभा होता. "मॅडम, म्हणजे इतका वेळ मी विष धरून उभा होतो?"

"विष कसलं? साखर. पण आज ह्यांच्यासाठी नाही."

मग त्या आईकडे वळल्या. तो क्षण मी विसरणार नाही. आईच्या चेहऱ्यावर सगळे उमटू लागले होते. तिने विचारले, "मियाच तेका लुळो केलंय काय वो?"

"नाही, मावशी," मॅडम म्हणाल्या. "आजार त्यांच्या गळ्यातल्या एका ग्रंथीत आहे, तुमच्या ताटात नाही. तुम्ही जेवण सांगितलंत म्हणून तर मला पटकन सुचलं. नाहीतर मी मेंदूत आणि मणक्यात शोधत बसले असते."

मॅडम घाईत होत्या, आजूबाजूला किती तरी पेशंट होते. तरी हे वाक्य बोलायला त्या थांबल्या.

अंगठा

ईसीजीवरूनच त्यांना खात्री पटली आणि रक्ताच्या अहवालाने ती पक्की केली. पोटॅशियम फार खाली गेले होते. सिस्टर मला पोटॅशियमचे औषध थोडे थोडे पाजू लागल्या. खारट, कडू, गंजलेल्या लोखंडासारखी चव. ते घाईने देऊन चालत नाही, जास्त झाले तर हृदयच थांबू शकते, म्हणून पुन्हा पुन्हा ईसीजी. मी श्वास मोजत पडून होतो. प्रत्येक श्वास आपण मुद्दाम घेतो आहोत असे वाटत होते, आणि विसरलो तर तो येणार नाही अशी भीती होती.

आई पायाशी बसली होती. तिने माझा उजवा अंगठा मुठीत धरला होता आणि थोड्या थोड्या वेळाने ती म्हणत होती, "पाय हलय बघया."

काही होत नव्हते.

"हलय रे."

दुपारच्या चहाची गाडी वॉर्डात आली तेव्हा तिच्या मुठीत अंगठा हलला. मला कळायच्या आधी तिला कळले. ती ओरडली नाही. तिने फक्त सुनंदाचा हात ओढून आपल्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "बघ."

पडद्याची कुठली बाजू

दुसऱ्या दिवशी राउंडला मी मॅडमना विचारले, "एवढं पोटॅशियम गेलं कुठे? जुलाब नाहीत, उलट्या नाहीत."

"काय शिकलात?"

"बी. एस्सी. केमिस्ट्री. प्लेटिंगमध्ये आहे."

त्या कॉटच्या कडेला बसल्या. "मग तुम्हाला सोपं जाईल. ते कुठे गेलंच नाही. तुमच्या आतच आहे. फक्त जागा चुकली."

त्यांनी सांगितले ते मी माझ्या शब्दांत लिहितो. काही चुकल्यास दोष माझा. शरीरातल्या प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पडदा असतो. पोटॅशियमचे आयन बहुतेक आत असतात, सोडियमचे बहुतेक बाहेर. हा फरक आपोआप टिकत नाही. पडद्यात बसवलेले सूक्ष्म पंप अखंड काम करत असतात, सोडियम बाहेर टाकतात, पोटॅशियम आत ओढतात. या फरकामुळेच पडद्याच्या दोन बाजूंना विजेचा किंचित दाब राहतो. मेंदूकडून हुकूम आला की पडद्यातली दारे उघडतात, आयन इकडचे तिकडे धावतात आणि स्नायू आखडतो. डास झटकणे म्हणजे एवढा सगळा कारभार.

माझ्या गळ्यातली थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत होती, तिच्या रसाने पंप वेगात आले होते. त्यात गोडधोड आणि भात पोटात गेला की इन्शुलिन वाढते, तेही पंपांना आणखी चालना देते. मेहनत करून मग स्वस्थ पडले की तशीच ओढ लागते. रक्तातले पोटॅशियम पेशींत शिरते, दाब बिघडतो आणि हुकूम येऊनही स्नायू जागचा हलत नाही.

आमच्या कारखान्यात असे होते. टाकी हिरव्यागार द्रावणाने काठोकाठ भरलेली असते, निकेलला तोटा नसतो, पण विजेची जोडणी बिघडली की नळ पिवळाच बाहेर येतो. नवीन कामगार लगेच आणखी रसायन ओतायला धावतो. मलाही सगळे प्रेमाने ओतत होते.

आमच्या तालुक्याच्या कॉलेजात सर ज्योतीवर क्षार जाळून दाखवायचे. सोडियमची पिवळी ज्योत इतकी भडक की तिच्यात पोटॅशियमची फिकट जांभळी ज्योत दिसतच नाही. ती बघायला निळी काच डोळ्यांपुढे धरावी लागते. ती काच वर्गात एकच होती, ती हातोहात फिरायची. माझे रक्तही तसेच ज्योतीत घालून मोजतात हे कळले तेव्हा मला त्या सरांची फार आठवण आली. आमच्या घराण्यात त्या वर्गापर्यंत पोचलेला मी पहिला. मॅडमचे बोलणे मला समजले, ते त्या काचेच्या बळावर.

पाहुणे

पेशंटला भेटायला रिकाम्या हाताने जायचे नाही ही आपली रीत. त्यामुळे माझ्या कॉटखाली ग्लुकोज पावडरचे डबे आणि बिस्किटांचे पुडे जमू लागले. मला त्यातले काहीच चालत नव्हते. सुनंदा हसतमुखाने घ्यायची आणि वॉर्डात इतरांना वाटून टाकायची. चाळीतल्या काकींनी ते पाहिले.

"आम्ही आणलेलं चालत नाही होय गं?"

"काकी, ह्यांना साखर बाधते."

"साखर कुणाला बाधते? मधुमेह आहे का?"

"नाही."

"मग?"

सुनंदाने पंप आणि पडदा सांगून पाहिले. काकी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बायको हुशार आहे बाबा तुझी. पण डबा ठेव हो."

घरी आल्यावर मात्र हे हसण्यावारी नेण्यासारखे राहिले नाही. मॅडमनी पथ्य आखून दिले होते. गोड बंद, भात थोडा, एका वेळी भरपूर जेवायचे नाही, एकदम दमायचे नाही. मासे, भाजी, ताक चालेल. सोबत थायरॉइडच्या गोळ्या, पोटॅशियमचे औषध. सुनंदा वाटीने भात मोजू लागली. आईच्या जिवाला ते लागायचे. एकदा तिने माझ्यापुढचे ताट मागे ओढले आणि सुनंदाला म्हणाली, "तू माझ्या झिलाक उपाशी मारतलंस." सुनंदा पहिल्यांदाच उलटून बोलली. "मारायचं असतं तर टॅक्सीत श्वास मोजत बसले नसते, आई." मग दोघी दोन भिंतींकडे तोंड करून बसल्या. मी मध्ये, वाटीभर भात घेऊन.

आजाऱ्याच्या घरच्यांना एवढेच सांगतो, की अशी भांडणे होतात. दोघीही मला वाचवतच होत्या.

त्यानंतर आईने शिरवाळ्यांचा साचा फडक्यात बांधून माळ्यावर टाकला. गोडाच्या डब्याला हात लावायची नाही. सणालाही तिने गोड केले नाही. फक्त रोज सकाळी मी डोळे उघडले की ती पायाशी असायची. अंगठा मुठीत धरायची.

"पाय हलय बघया."

मी हलवायचो. मग ती चहा ठेवायला उठायची.

साचा

गोळ्यांना वेळ लागतो. मधे एकदा पाय जड झाले, औषधाने आवरले. हळूहळू वजन भरले, हाताचा कंप गेला. वर्ष उलटून गेल्यावर मॅडमनी अहवाल बघून कागद बाजूला ठेवला. "थायरॉइड ताब्यात आहे. पंप आता आपल्या चालीने चालतील. गोळी चालू ठेवायची. पण थोडं गोड खाल्लंत तर मी रागावणार नाही."

मी घरी येऊन सांगितले. सुनंदा स्टुलावर चढली, माळ्यावरून साचा काढला, धुतला आणि आईसमोर ठेवला.

"आई, मला शिकवा."

"माका नको ता. माझो हात नको लागाक."

"तुमचा हात नाही लावायचा. तुम्ही नुसतं सांगा."

आई भिंतीला टेकून सांगत राहिली. उकड अशी मळ, गोळो मोठो घेव नको, जोर लाव गो, भाकरी खातस ना? सुनंदाच्या पहिल्या शेवया तुटल्या. दुसऱ्या वेळी आईला राहवले नाही. तिने साच्याच्या दांड्यावर सुनंदाच्या हातांवर आपले हात ठेवले आणि दोघींनी मिळून दाबले.

संध्याकाळी मी लहान वाटीभर शिरवाळे खाल्ले. आई माझ्याकडे बघत नव्हती.

सकाळी जाग आली. सवयीने मी पायाकडे पाहिले. तिथे कोणी नव्हते. आई मोरीजवळ पाठमोरी बसून तांदूळ निवडत होती. सूप हातात होते, पण हलत नव्हते. विचारायची तिची हिंमत होत नव्हती हे मला कळले.

मी अंगठा हलवला. हलला. गुडघा वर घेतला. उठून बसलो, उभा राहिलो आणि तिच्या मागे जाऊन थांबलो.

"आये, रस उरलो हा काय गो?"

तिने मागे वळून पाहिले नाही. सूप खाली ठेवले, पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "आधी नळावरसून हंडो भरून हाड. मगे बघतंय."

मी हंडा उचलला. गॅलरीतून नळाकडे चालू लागलो तेव्हा मागे तिने सुनंदाला हाक मारल्याचे ऐकू आले. "सुनंदा, ऊठ गो. रस गरम कर. वाटी लहानच घे."